पुढे सरकलेली गोळी

फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवता ठेवता तो म्हणाला, "भरलेलं आहे. उघडत नाहीये." बंदुका दुरुस्त करणाऱ्याला ही दोन वाक्यं एका दमात ऐकायला आवडत नाहीत.

फोर्टी-फोर मॅग्नम, म्हणजे जबर ताकदीच्या काडतुसाचं. चार बार नीट झाले, पाचव्याला चाप ओढला आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता गोल, अर्ध्यात अडकला. फिरेना, बाहेर निघेना. आमचा एक सहकारी लगेच प्लास्टिकचा हातोडा घेऊन हजर. हा गृहस्थ कुलपालाही हातोडाच लावतो आणि घड्याळालाही. त्याला आधी बाहेर काढला.

नळीचं तोंड वाळूच्या पेटीकडे ठेवून सिलिंडरच्या पुढे टॉर्च मारला. एका कप्प्यातून शिशाचं चपटं नाक बाहेर आलं होतं आणि फ्रेमला टेकलं होतं. बार न होताच गोळी पुंगळीतून, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्यातून, पुढे सरकली होती. पितळेच्या पातळ पट्टीने, हात नळीसमोर न आणता, ती जराजरा करून आत रेटायला चाळीस मिनिटं गेली. सिलिंडर उघडला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

हे का होतं ते बाहेरच्यांना पटत नाही. बार झाला की रिव्हॉल्व्हर झटक्याने मागे येतं. सिलिंडर उरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या काठाला धरून मागे नेतो, गोळ्या मात्र जडत्वामुळे जागीच राहू बघतात. चुकीचं भरलेलं काडतूस सोडवायला आम्ही जो आपटायचा हातोडा वापरतो, तो नेमका याच तत्त्वावर चालतो. गोळीला धरून ठेवतात दोनच गोष्टी: पुंगळीची घट्ट पकड आणि तिच्या तोंडाची आत वळवलेली कड, म्हणजे क्रिम्प. गोळी जितकी जड, तितका या दोघांवर ताण.

गोळी सोडवून काट्यावर टाकली. 300 ग्रेन; ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप. पोटात खड्डा पडला, कारण 300 चा सल्ला माझा होता.

तो काडतुसं स्वतःच भरतो. महिन्यापूर्वी त्याने विचारलं होतं, 240 ची गोळी भरू की 300 ची? मी भाषणच दिलं. हे काडतूस 1956 साली बाजारात आलं ते 240 ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची गोळी घेऊन. 300 ची सुमारे साडेएकोणीस ग्रॅम भरते, खोल शिरते. पण ती लांब असल्यामुळे पुंगळीतली दारूची जागा खाते, दाब चढतो, म्हणून 240 चं दारूचं माप तिला चालत नाही. तिच्या वजनाचा तक्ता वेगळा बघायचा. वेग कमी असल्याने ती नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात नळी वर उचललेली असते, म्हणून जवळच्या निशाण्यावर वर लागते. लोकांना यातलं 'खोल शिरते' एवढंच ऐकू येतं. आणि मी इतकं बोललो, पण 'रिव्हॉल्व्हर कोणतं?' हे विचारलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर माझं होतं, अख्ख्या पोलादाचं, जवळपास 1.4 किलोचं. त्याचं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या फ्रेमचं, माझ्याच्या निम्म्या वजनाचं. धक्का कुठच्या कुठे गेला असणार.

इथवर दोष सरळ माझा. पण मग व्हर्नियर हातात घेतला आणि गोंधळ वाढला. अडकलेल्या काडतुसाची पुंगळी बाकीच्यांपेक्षा पाव मिलिमीटर आखूड निघाली. क्रिम्पची डाय, म्हणजे कड वळवणारा साचा, एकदा बसवली की ती सगळ्यांना सारखीच खाली येते. आखूड पुंगळीची कड अर्धवटच वळते. त्याने पुंगळ्या मापून वेगळ्या केल्याच नव्हत्या. शिवाय गोळी सहज बसावी म्हणून तोंडंही गरजेपेक्षा जास्त फाकवलेली.

तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे चूक माझ्या क्रिम्पची की तुमच्या 300 ची?"

मला उत्तर देता आलं नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात दोघांनी जुनीच चाचणी केली. सहा काडतुसं भरायची, पाच झाडायची, सहाव्याची लांबी आधी आणि नंतर मोजायची. त्याच्याच रिव्हॉल्व्हरमध्ये, त्याच्याच न निवडलेल्या पुंगळ्यांत 240 ची गोळी जेमतेम 0.1 मिलिमीटर हलली. मग मी स्वतः एका मापाच्या पुंगळ्यांत, घट्ट क्रिम्प देऊन 300 भरली. ती पाच बारांनंतर 0.6 सरकली. सिलिंडर अडकला नाही. पण सरकली.

त्याच्या प्रश्नाला हे उत्तर झालं का, ते अजून ठरत नाही. क्रिम्प वाईट होता हे खरं. चांगल्या क्रिम्पनेही ती गोळी त्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जागेवर राहिली नाही, हेही खरं.

तो आता 240 भरतो. 300 च्या उरलेल्या गोळ्यांचा डबा माझ्याकडे ठेवून गेला. "तुमच्या जड रिव्हॉल्व्हरला चालतील," म्हणाला. चालतीलही. डबा अजून उघडलेला नाही.