तुम्ही विचारलंत म्हणून: एकच लेझर फाइल दोन प्रोजेक्टरवर दोन तऱ्हेची का दिसते?

गणपती जवळ आले की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा कधी मंडळाचा कार्यकर्ता असतो, कधी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरीच प्रोजेक्टर जुळवणारा हौशी, कधी डीजेबरोबर फिरणारा ऑपरेटर. "आयएलडी फाइल स्टँडर्ड म्हणता ना? मग लॅपटॉपवर झकास दिसणारा लोगो परळच्या मंडपात गेला की लुकलुकतो, रंग बदलतो, अक्षरांना शेपट्या फुटतात, असं का? आणि फाइल द्यायची तरी कशी?"

आयएलडी म्हणजे लेझर-शोच्या चित्राची फाइल, लेझरने एकापाठोपाठ गाठायच्या पॉइंटची यादी. स्टँडर्ड आहे, आणि ते पाळलंही जातं. पण पॉइंट फाइलमध्ये कसे लिहायचे एवढंच त्यात ठरलेलं आहे. ते किती वेगाने चालवायचे आणि कुठल्या स्कॅनरसाठी (किरण फिरवणाऱ्या आरशांच्या जोडीसाठी) आखलेत, याबद्दल फाइल गप्प असते. या छंदातली फॉरमॅटवरची बहुतेक भांडणं तिथूनच निघतात.

इल्डा, म्हणजे इंटरनॅशनल लेझर डिस्प्ले असोसिएशन, ही संस्था १९८६ची. तिच्या फाइल फॉरमॅटची ११वी आवृत्ती नोव्हेंबर २०१४ची आहे. रचना साधी: प्रत्येक फ्रेमच्या आधी ३२ बाइटचं हेडर, त्यात आठव्या बाइटला फॉरमॅटचा नंबर, मग पॉइंटची रांग. एक्स आणि वाय प्रत्येकी १६ बिट, म्हणजे -३२७६८ ते ३२७६७. फॉरमॅट ० म्हणजे थ्रीडी आणि १ म्हणजे टूडी. या दोघांत रंगाऐवजी पॅलेटमधला, म्हणजे रंगांच्या तक्त्यातला, नुसता नंबर असतो. २ म्हणजे पॅलेट. ४ आणि ५ हे त्याच क्रमाने थ्रीडी आणि टूडी, पण खऱ्या रंगांसह. एक्स उजवीकडे वाढतो, वाय वरच्या दिशेला. एसव्हीजी या रेघांच्या चित्राच्या फाइलमध्ये वाय खाली वाढतो, त्यामुळे घरी लिहिलेल्या कन्व्हर्टरमधून पहिली फाइल हटकून उलटी निघते. तिथे वायचं चिन्ह बदला आणि पुढे चला.

रंगांचं दुखणं दोन जागी असतं. पहिली जागा पॅलेट. फॉरमॅट ० किंवा १ मध्ये "रंग नंबर ०" एवढंच लिहिलेलं असतं आणि फाइलमध्ये पॅलेट नसेल तर सॉफ्टवेअर स्वतःचं वापरतं. इल्डाने सुचवलेल्या ६४ रंगांच्या तक्त्यात ० म्हणजे लाल. पण फिरत असलेल्या २५६ रंगांच्या एका तक्त्यात ० म्हणजे काळा. लाल रेघ काळी झाली की ती दिसतच नाही, आणि खापर लाल डायोडवर फुटतं.

दुसरी जागा बाइटचा क्रम. पॅलेटच्या भागात लाल, हिरवा, निळा असा क्रम आहे. फॉरमॅट ४ आणि ५ मध्ये निळा, हिरवा, लाल. कुणी घाईत सगळीकडे एकच क्रम वापरला की भगवा (२५५, १२८, ०) होतो आकाशी (०, १२८, २५५). मंडळाच्या झेंड्याच्या बाबतीत हे कुणाला समजावत बसायची वेळ येऊ नये म्हणून फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलच्या बाइट एकेक दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एकदा उघडाच. फॉरमॅट ५ असेल तर ३२ बाइट सोडून पुढे आठ-आठचे गट पडतात: दोन एक्सच्या, दोन वायच्या, एक स्टेटस, मग निळा, हिरवा, लाल. पहिला पॉइंट बहुधा विझलेला असतो, त्याच्यावरून काही ठरवू नका. थोडं पुढे जाऊन पेटलेला पॉइंट बघा. भगव्यासाठी शेवटच्या तीन बाइट ००, ८०, एफएफ अशाच हव्यात.

स्टेटस बाइटमध्येच ब्लँकिंगचा बिट आहे, सहावा: १ म्हणजे लेझर बंद. काही प्रोग्रॅम तो बिट लावतात आणि रंग तसाच ठेवतात. काही रंग शून्य करतात आणि बिट विसरतात. वाचणारा दुसऱ्या पंथाचा निघाला की दोन अक्षरांच्या मध्ये न मागितलेली रेघ उमटते. यावर वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्ही करा: बिटही लावा, रंगही शून्य करा. सातवा बिट "शेवटचा पॉइंट" सांगतो, पण वाचताना त्याच्यावर विसंबू नका, हेडरमधली पॉइंटची संख्या धरा.

हेडरमध्ये फ्रेमच्या नावाला आठ बाइट आहेत. तिथे "मोरया" देवनागरीत लिहायचा मोह टाळा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. "मोरया"ची पाच चिन्हं म्हणजे पंधरा बाइट. आठात दोन चिन्हं बसतात आणि तिसरं अर्धं कापलं जातं. रोमन लिपीतली साधी आठ अक्षरं पुरे.

आता मुख्य भांडण: फाइलमध्ये कच्चे पॉइंट ठेवायचे की ऑप्टिमाइझ केलेले?

चौकोन घ्या. चित्र म्हणून त्याला पाच पॉइंट पुरतात, चार कोपरे आणि परत पहिला. पण गॅल्व्होच्या, म्हणजे स्कॅनरमधल्या मोटरच्या, आरशाला वजन आहे, तो एका कोपऱ्यातून दुसऱ्यात उडी मारू शकत नाही. म्हणून प्रत्येक बाजूवर मधले पॉइंट भरतात, कोपऱ्यावर तोच पॉइंट तीन-चारदा देऊन आरशाला स्थिरावू देतात, आणि विझलेल्या उडीच्या दोन्ही टोकांना थोडी उसंत ठेवतात. पाचाचे शंभर होतात. हेच ऑप्टिमाइझ करणं, आणि अशी फाइल म्हणजे पक्की. हे शंभर किती असावेत हे स्कॅनरवर, आकारावर आणि वेगावर ठरतं.

कच्च्याच्या बाजूचे म्हणतात, फाइल म्हणजे चित्र. स्कॅनरची काळजी ज्याच्या त्याच्या सॉफ्टवेअरने घ्यावी. पक्क्याच्या बाजूचे म्हणतात, एसडी कार्डावर चालणाऱ्या प्रोजेक्टरमध्ये सॉफ्टवेअर आहेच कुठे? तो कार्डावरचे पॉइंट जसेच्या तसे आरशांवर फेकतो. कच्चा चौकोन दिला की कोपरे गोल होतात, रेघा वाकतात, गॅल्व्हो तापतो आणि थोड्याच पॉइंटवर सगळी पॉवर साठते. हे शेवटचं नुसतं दिसायला वाईट नाही, कुणाच्या डोळ्यावर आलं तर धोक्याचं आहे.

दोघांचंही बरोबर आहे. घोटाळा होतो तो पक्की फाइल पुन्हा पक्की केल्यावर. ३०के म्हणजे सेकंदाला ३०,००० पॉइंट. फ्रेममध्ये ६०० असतील तर सेकंदाला ५० वेळा चित्र निघतं, डोळ्याला स्थिर दिसतं. तीच फाइल घेणाऱ्याच्या सॉफ्टवेअरने पुन्हा ऑप्टिमाइझ केली आणि पॉइंट १,२०० झाले तर २५ वेळा. हे लुकलुकतं. स्वस्त डीजे लेझरचा स्कॅनर २०केचा असेल तर साधारण १७ वेळा, मग बघवत नाही. वेग वाढवून हे सुटत नाही. ३०केचा आकडा साधारणपणे ८ अंशाच्या कोनासाठी दिलेला असतो. इमारतीच्या भिंतीभर चित्र पसरलं की तोच स्कॅनर तेवढा वेग झेपवू शकत नाही.

देवनागरीत हे जास्त बोचतं. नेहमीच्या फॉन्टमधून "मोरया" घेतला तर बाह्यरेषा मिळते, म्हणजे प्रत्येक दांडी दोनदा काढली जाते. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये मधली एकच रेघ हाताने गिरवून घ्या. आधी शिरोरेघ डावीकडून उजवीकडे एका दमात, मग अक्षरांची अंगं उजवीकडून डावीकडे, म्हणजे विझलेल्या उड्या छोट्या राहतात. एका उडीला पंधरा पॉइंट धरले आणि दहा उड्या लागल्या तर दीडशे पॉइंट अंधारातच गेले. सहाशेच्या फ्रेममधला हा चौथा हिस्सा आहे. शिरोरेघ अक्षरागणिक तोडून काढणारे याच्यापेक्षा कितीतरी जास्त घालवतात.

शेपट्यांचं मूळही इथेच आहे. लेझर लगेच पेटतो-विझतो, आरसा मागून येतो. तो फरक भरायला रंग काही पॉइंट मागे सरकवतात. ३०केला एक पॉइंट सुमारे ३३ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे चार पॉइंट १३३. हे सरकवणं फाइलमध्येच भाजून दिलं की २०केवर तेच चार पॉइंट २०० मायक्रोसेकंद होतात, आणि रेघ एका टोकाला अपुरी तर दुसऱ्या टोकाला शेपटी. रंगाचं सरकवणं प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्येच राहू द्या. याबाबतीत दुसरी बाजू मला पटलेली नाही.

इल्डाचं टेस्ट पॅटर्न, म्हणजे स्कॅनर जुळवायचं नमुना चित्र, मात्र कधीच ऑप्टिमाइझ करू नये. त्यातलं वर्तुळ मुद्दाम चौकोनाबाहेर आखलेलं आहे. स्कॅनर त्याच्या नेमक्या वेगावर नीट लावलेला असेल तरच ते आकसून चौकोनाला आतून टेकतं. ३ मीटरवरच्या भिंतीवर ८ अंश म्हणजे पॅटर्न ४२ सेंटीमीटर रुंद ठेवा, सॉफ्टवेअरमधलं ऑप्टिमायझेशन बंद करा, मगच ड्रायव्हरच्या (स्कॅनर चालवणाऱ्या सर्किटच्या) स्क्रूला हात लावा. ऑप्टिमायझेशन चालू ठेवून ट्यूनिंग करणारे चांगला स्कॅनर बिघडवतात आणि मग फाइलला नावं ठेवतात.

वेळेचं काय? फाइलमध्ये सेकंदाला किती पॉइंट हे नाही, सेकंदाला किती फ्रेम हेही नाही. एक सॉफ्टवेअर २५ फ्रेमचा वेग धरून मधल्या वेळात तीच फ्रेम परत काढतं. दुसरं प्रत्येक फ्रेम एकदा काढून पुढे जातं. या दुसऱ्यात ३०केला ३०० पॉइंटची फ्रेम सेकंदाच्या शंभराव्या भागात संपते आणि १,२०० पॉइंटची पंचविसाव्या भागात. म्हणजे उंदीर एकटा असताना धावत सुटतो आणि गणपती आला की रांगतो. यावर जुना उपाय आहे: सगळ्या फ्रेम सारख्या पॉइंटच्या करा, कमी पडतील तिथे विझलेले पॉइंट भरा. प्रत्येकी १,००० ठेवले तर ३०केला बरोबर ३० फ्रेम.

चित्र आवाजाच्या वेव्ह फाइलमध्ये साठवणारे, म्हणजे वेव्ह फाइलचे कैवारी, इथेच हसतात. त्यांच्या फाइलला सँपल रेट (सेकंदाला किती सँपल) असतो, म्हणजे वेळ आपोआप आली. एक्स, वाय, तीन रंग आणि तीव्रता असे सहा चॅनल, ४८,००० सँपल, १६ बिट: मिनिटाला साधारण ३५ एमबी. जुन्या एडॅट या डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या टेपवरच्या आठ ट्रॅकच्या शोची ही थेट वंशावळ. गाण्याशी जुळलेला शो साठवायला हे उत्तम. पण नंतर आकार किंवा वेग बदलायचा म्हटलं तर हात बांधलेले, कारण सगळं एका स्कॅनरसाठी आखून झालेलं असतं. साध्या साउंड कार्डच्या आउटपुटला कपॅसिटर असतो, तो डीसी, म्हणजे न बदलणारा व्होल्टेज, अडवतो. कोपऱ्यात ठेवलेलं चित्र घसरत मध्यभागी येतं. डीसी पास होणारंच कार्ड लागतं. आणि जागा वाचवायला एमपी३ केलीत तर चित्राचा चिवडा होतो.

नेटवर्कवरून थेट पाठवायला इल्डाचंच आयडीएन (इल्डा डिजिटल नेटवर्क) आहे, यूडीपी पोर्ट ७२५५. त्याच्या पॅकेटमध्ये वेळ असते, त्यामुळे हा वाद तिथे उरत नाही. मात्र ते पाठवण्याचं साधन आहे. ईमेलने फाइल मागणाऱ्या मंडळाला त्याचा उपयोग नाही.

फॉरमॅट ३ बद्दलही विचारणा होते. खरे रंग वेगळ्या भागात लिहायचा तो प्रस्ताव होता, मान्य झाला नाही. ४ आणि ५ ने रंग पॉइंटशेजारीच ठेवला. तरी जुन्या संग्रहांत ३ च्या फाइल सापडतात आणि त्या वाचताना प्रोग्रॅम कोलमडतात. याला खरं कारण हेडरमधली उणीव आहे: एका पॉइंटला किती बाइट हे त्यात लिहिलेलंच नसतं. ओळखीचा नसलेला फॉरमॅट आला की किती बाइट ओलांडायच्या ते कळत नाही. वाचणारा प्रोग्रॅम लिहीत असाल तर अशा वेळी पुढच्या हेडरच्या सुरुवातीची "आयएलडीए" (इल्डाची रोमन आद्याक्षरं) ही चार अक्षरं सापडेपर्यंत बाइट तपासत जा.

मग हेडरमधल्या रिकाम्या बाइटमध्ये वेग का लिहू नये, असं काही जण सुचवतात. पाच ते सात आणि बत्तिसावी बाइट राखीव आहे खरी, पण ती शून्यच असावी असं ठरलेलं आहे, आणि "आयएलडीए" नंतर तीन शून्य नाहीत म्हणून फाइल नाकारणारे प्रोग्रॅम आहेत. त्यापेक्षा देताना असं द्या: मूळ फाइल फॉरमॅट ५ मध्ये, कच्ची, रंग न सरकवलेली. तिच्यासोबत एसडी कार्डासाठी वेगळी पक्की प्रत, नावातच "२०के" किंवा "३०के" लिहून. घेणाऱ्याचा प्रोजेक्टर जुना असेल तर फॉरमॅट १ची एक प्रत, पॅलेटचा भाग फ्रेमच्या आधी घालून. पॅलेट सोडून एका फाइलमध्ये दोन फॉरमॅट मिसळू नका. आणि एक साधी टेक्स्ट फाइल: पॉइंटचा वेग, फ्रेमचा वेग, कोनाचा अंदाज, "ऑप्टिमाइझ केलेली आहे" किंवा "नाही", आणि कुठल्या फ्रेम प्रेक्षकांच्या डोक्यावरूनच जायला हव्यात. विमानतळाच्या बाजूला कार्यक्रम असेल तर आकाशात जाणाऱ्या फ्रेम त्या संचातून काढूनच द्या.