तुम्ही विचारलंत म्हणून: सहावा घ्यावा की सातवा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी सुट्टीत येणारी मुले मला हमखास विचारतात, ‘काका, नवा सिव्हिलायझेशन घ्यावा, की जुनाच बरा?’ हा राष्ट्र उभारण्याचा संगणकावरचा खेळ. मी २००५ च्या चौथ्या भागापासून ही मालिका खेळत आलो आहे, तेव्हा माझा कल जुन्याकडे असणार, हे आधीच गृहीत धरावे.

इसवी सन पूर्व ४००० पासून अवकाशयुगापर्यंत एकच राष्ट्र सांभाळायचे, ही जुनी रीत फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या सातव्या भागाने मोडली. आता तीन युगे आहेत. नेता तोच राहतो, पण खेळ आला तेव्हा युग बदलले की राज्य बदलावेच लागे. अशोकाला घेऊन मौर्यांपासून निघावे, मग चोळ व्हावे आणि शेवटी मुघल. पुष्कळांना हे विपरीत वाटले. मला मात्र कल्पना पटली, कारण वाकाटकांचे वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम आणि गोंड राजाने वसवून पुढे भोसल्यांची राजधानी झालेले नागपूर ज्यांना जवळचे आहे, त्यांना एकाच मातीवर राज्ये बदलण्याचे नवल वाटू नये. खटकतो तो सांधा. युग संपताच चालू युद्धे एकदम मिटतात आणि राजधानीखेरीज बहुतेक शहरे पुन्हा साधी गावे होतात. जणू सातबाऱ्यावरचे नाव एका रात्रीत बदलले.

शेतीचेही तसेच. पाचव्या भागापर्यंत कामगार सालदारासारखा राबत असे, २०१६ च्या सहाव्यात तो तीन कामे करून निघून जाणारा रोजंदार झाला, आणि सातव्यात तो नाहीसाच झाला. वस्ती वाढली की आपण दाखवू ती जमीन आपोआप लागवडीखाली येते. कटकट वाचली, हे मान्य.

सैन्याच्या बाबतीत मात्र नव्यालाच मान द्यावा लागेल. चौथ्यात नकाशावरच्या एका चौकटीत हव्या तितक्या तुकड्या रचता येत. पाचव्याने एका षटकोनात एकच लढाऊ तुकडी, असा नियम केल्यावर खिंडीत बाजाराच्या दिवसासारखी कोंडी होऊ लागली. सातव्यातला सेनापती तुकड्या सोबत घेऊन चालतो आणि रणांगणावर मोकळ्या करतो.

तरीही मी मुलांना सहावाच सुचवतो. त्यात आरंभी चुकीच्या जागी बांधलेला शहराचा विद्येचा विभाग हलवता येत नाही, आणि ती चूक शेवटपर्यंत निभावत राहण्यातच मला खेळाची खरी गोडी वाटते. सातव्यातला सेनापती तेवढा त्यात हवा होता.