काळा पाषाण आणि कडप्पा: दोन काळ्या दगडांची ताडणी

आतापर्यंतचे नमुने चार. सा-१ काळा पाषाण, म्हणजे घट्ट बेसाल्ट (थिजलेल्या लाव्ह्याचा दगड), क्रशरच्या ढिगातला. सा-२ मांजऱ्या, पांढऱ्या ठिपक्यांचा बेसाल्ट. क-१ कडप्पा, ओट्याच्या फरशीची कापून उरलेली पट्टी. श-१ शहाबादी फरशीचा कोपरा.

साताऱ्यात गाळाचा खडक शोधायला डोंगरावर जाऊन उपयोग नाही, तो फरशीवाल्याच्या दुकानामागे पडलेला असतो. अजिंक्यतारा, यवतेश्वर किंवा सांगलीकडचा दंडोबा दुरून थरांचे दिसतात म्हणून बरेच नवे संग्राहक त्यांना गाळाचे खडक म्हणून मोकळे होतात. ते थर साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे, एकावर एक वाहून थिजलेले. त्यांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातलं ‘ट्रॅप’ हे नावच मुळी पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून पडलं. मधे दिसणारा तांबडा पट्टाही बहुधा आधीच्या लाव्ह्याचा कुजलेला माथा असतो, त्यावर पुढचा लाव्हा येऊन बसला. कडप्पा आणि शहाबादी मात्र खरोखर पाण्याखाली साचलेल्या चुन्याच्या चिखलाचे, आणि वयाने ५० कोटी वर्षांहून जुने. त्यांत शिंपले शोधत बसू नका. हा चिखल साचला तेव्हा कवचवाले प्राणी बहुधा अजून आलेले नव्हते.

ही ताडणी रंगावर सोडून दिली तर फसते. क-१ आणि सा-१ ओले करून शेजारी ठेवले की दोन्ही सारखेच काळे. कडप्प्याचा काळेपणा गाळात अडकलेल्या कार्बनी द्रव्याचा, पाषाणाचा काळेपणा लोहयुक्त खनिजांचा. म्हणून पहिली चाचणी चाकूची. पोलादी टोक दाबून ओढलं की कडप्प्यावर पांढुरकी रेघ आणि भुकटी पडते, कारण त्यातलं कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, काठिण्याच्या १ ते १० च्या मोह्स मापावर फक्त ३ आहे. पाषाणावरही चकचकीत रेघ दिसते आणि इथेच गफलत होते: ती दगडाची नव्हे, चाकूची झीज असते. ओलं बोट फिरवून नखाने चाचपा. खाच लागत नसेल तर दगडाला काही झालेलं नाही. पाटा-वरवंटा आणि जातं पाषाणाचंच का, ते इथे कळतं.

आम्लाची चाचणी सगळ्यात बोलकी आणि सगळ्यात जास्त चुकणारी: चुन्याचा दगड फसफसतो, बेसाल्ट नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं सुमारे ३० टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड एक भाग आणि पाणी दोन भाग. ॲसिड पाण्यात ओतायचं, उलट नाही. हातमोजे, चष्मा, उघडी जागा. एक थेंब पुरतो. क-१ वर पहिल्यांदा फेस आलाच नाही. पॉलिशच्या मेणाने थेंब दगडापर्यंत पोचत नव्हता. मागच्या खडबडीत बाजूला लगेच फसफसलं. ॲसिड नको असेल तर खरवडलेल्या भुकटीवर व्हिनेगर टाका, बुडबुडे येतात, फक्त हळू. उलटी फसगत मांजऱ्यात होते. सा-२ च्या दोन ठिपक्यांवर फेस आला, बाकीच्यांवर नाही: ते दोन कॅल्साइटचे, उरलेले झिओलाइट (लाव्ह्याच्या पोकळ्यांत वाढणारं खनिज) किंवा गारेसारख्या सिलिकाचे. कृष्णाकाठच्या गोट्यांवर तर चुनखडीचं पूट बसलेलं असतं, अख्खा पाषाण फसफसतो. ताज्या फुटीवर थेंब टाकला नसेल तर निकाल लिहूच नये.

घनता: काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करा, शिवणाच्या दोऱ्याने दगड पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावरचे ग्रॅम म्हणजे दगडाचं आकारमान मिलिलिटरमध्ये. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता. सा-१: ४१८ भागिले १४५, २.८८. क-१: ३५६ भागिले १३२, २.७०. श-१: ४०२ भागिले १५१, २.६६. सा-२: ३७४ भागिले १४६, २.५६. हा शेवटचा आकडा बघा, बेसाल्ट असून चुनखडकापेक्षा हलका. पोकळ्या आणि त्यांतल्या हलक्या खनिजांमुळे. म्हणजे घनतेवर एकटीवर भिस्त नको. एक ग्रॅमच्या काट्यावर तुकडा ३०० ग्रॅमच्या वर बरा, फार लहान असेल तर सा-१ आणि क-१ मधला ०.१८ चा फरक चुकीतच बुडतो. दगड आधी दहा मिनिटं भिजवा आणि पाण्यात साबणाचा थेंब टाका, चिकटलेले बुडबुडे सुटतात.

चुंबक: छोटा निओडिमियम चुंबक फूटभर दोऱ्याला टांगायचा. सा-१ जवळ नेला की तो झुकतो, त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहचुंबकी खनिजामुळे. क-१ ला ढिम्म. एकदा क-१ वरही हलला. हातोडीचा लोखंडी कीस फुटीत अडकला होता. ब्रशने धुतल्यावर थांबला.

सध्या घासकाम चालू आहे. काचेवर वॉटर पेपर २२०, ४००, ८००, १२००, सतत ओला. कोरडी भुकटी छातीत जाते. क-१ प्रत्येक कागदावर पाचेक मिनिटांत आवरला. सा-१ ला २२० वरच पाऊण तास गेला, आणि त्यावरचे ओरखडे पुरते न काढता ४०० घेतला म्हणून पुन्हा मागे यावं लागलं. सा-२ चे कॅल्साइट-झिओलाइटचे ठिपके मऊ, ते आधी झिजून खड्डे पडतात. त्यांत पातळ इपॉक्सी भरून, एक रात्र सुकवून मग घासायचं. दहा पटीच्या भिंगाखाली ओल्या सा-१ मध्ये फेल्डस्पार या फिकट खनिजाच्या बारीक काड्या वाटेल तशा आडव्यातिडव्या दिसतात. क-१ मध्ये कण दिसतच नाहीत, फक्त एकाच दिशेने गेलेल्या पुसट रेघा आणि एक पांढरी शीर. त्या रेघांवरच छिन्नी बसली की कडप्पा सपाट उकलतो. पाषाण कुठेही मारा, शिंपल्यासारखा वाकडाच फुटतो.

नमुने किल्ल्यांवरून किंवा कास पठारावरून आणू नका, क्रशरवर हवे तितके मिळतात. पुढचा नमुना महाबळेश्वरचा जांभा, जो वहीतल्या लाव्हा आणि गाळ या दोन्ही रकान्यांत बसत नाही. त्यासाठी तिसरा रकाना आखला आहे.