चाय म्हणजे चहा नव्हे

सकाळचे साडेसहा वाजले होते. हनोईच्या जुन्या पेठेतल्या एका अरुंद लॉजच्या तळमजल्यावर आम्ही दोघं बसलो होतो आणि हे मालकीणबाईंना चहा मागत होते. दोन्ही हातांत अदृश्य बशी धरून, ती ओठांना लावून, "फुर्र" असा आवाज काढून वर म्हणाले, "चाय. चाय."

बशीने चहा पिणारा माणूस त्या देशात कुणी पाहिलेला नसावा. पण 'चाय' ऐकल्यावर बाईंचा चेहरा एकदम उजळला. "आ, चाय!" असं म्हणत त्या लगबगीने आत गेल्या. पंधरा मिनिटांनी बाहेर आल्या त्या वाफाळता भात, टोमॅटोच्या रसात शिजवलेलं टोफू आणि नाळीच्या भाजीसारखी परतलेली पालेभाजी घेऊन. यांनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग "अन्नाला नाही म्हणू नये" असं पुटपुटत पूर्ण जेवले. साडेसहाला!

व्हिएतनामी भाषेत 'चाय' म्हणजे शाकाहारी. चहाला हनोईत म्हणतात 'चा'. माझी आजी 'च्या' म्हणायची, त्याच्या अगदी शेजारचा शब्द. म्हणजे आजी तिथे असती तर तिला पहिल्या दिवशी चहा मिळाला असता.

थोडं आमच्याबद्दल. हे बेस्टमध्ये कंडक्टर होते, एकतीस वर्षं. मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं. दोघंही मूळचे गिरगावातले, आता बोरिवलीला असतो. पासपोर्ट निवृत्तीनंतर काढले, आणि त्यांवर पहिला शिक्का बसला तो व्हिएतनामचा. मुलाने हिशोब मांडून दाखवला होता: मुंबईहून थेट विमान, पंचवीस डॉलरचा ई-व्हिसा, आणि राहणं-खाणं आपल्या पेन्शनला झेपेल असं. यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मासे-मटण सोडाच, अंडंही चालत नाही. म्हणून सोसायटीतल्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला, महाराज बरोबर नेणाऱ्या टूरनेच जा. मला ते पटेना. मुगाची खिचडीच खायची तर हनोईपर्यंत कशाला जायचं? मी मोबाइलवर एक वाक्य पाठ केलं, 'तोय आन चाय', मी शाकाहारी खाते, आणि निघालो.

वाक्य बरोबर होतं. पण वाक्य बरोबर असणं तिथे पुरत नाही, हे दुसऱ्या संध्याकाळी कळलं.

रस्त्यावरच्या एका खाणावळीत हे शिरले आणि त्यांच्या ठसक्यात म्हणाले, "चाय!" एकतीस वर्षं "पुढे चला, पुढे चला" म्हणून झालेला आवाज. जाड, खालच्या पट्टीतला, शेवटी तोडलेला. गल्ल्यावरच्या मुलीने दचकून दाराकडे पाहिलं. मग यांनी जरा नरमाईने, प्रश्नासारखं विचारलं, "चाय?" तिने लगबगीने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, काही करपलं की काय म्हणून. शेवटी तीच हसायला लागली. बिलाचा कागद उलटा केला, आणि एकाखाली एक असा तोच शब्द पाच वेळा लिहिला, पहिला बिनखुणेचा, बाकी प्रत्येकावर किंवा खाली वेगळी खूण. शब्दापुढे चित्रं काढली. पहिल्यापुढे पान. दुसऱ्यापुढे ज्वाळा. तिसऱ्यापुढे धावणारा माणूस. चौथ्यापुढे वाहता नळ. पाचव्यापुढचं चित्र मला आइस्क्रीम वाटलं, मग तिने हाताने कुटून दाखवलं. मुसळ!

या भाषेत सूर सहा आहेत, आणि सूर बदलला की शब्द बदलतो. आवाज सपाट ठेवला तर चाय म्हणजे शाकाहार. चढवला तर जळणं. खाली दाबून तोडला तर पळणं. आपल्याकडे प्रश्न विचारताना आवाज आपोआप वर जातो, हुकूम सोडताना खाली आपटतो. म्हणजे यांनी आधी त्या मुलीला "पळ!" असं फर्मावलं होतं आणि मग "जळतंय?" असं विचारलं होतं. मी इतकी वर्षं वर्गात ऱ्हस्व-दीर्घासाठी मुलांचे कान पिळले. त्या रात्री माझ्या कानांची पाळी होती. आम्ही दोघं लॉजच्या खोलीत पलंगावर बसून 'चाय' सपाट म्हणायचा रियाज करत होतो. हे भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यामुळे मोबाइलवर तानपुरा लावून पट्टी धरली. शेजारच्या खोलीतल्यांना काय वाटलं असेल, देव जाणे.

लिहिलेलं वाचता येतं, यानेच माणूस फसतो. व्हिएतनामी आज रोमन लिपीत लिहितात. सतराव्या शतकात तिथे आलेल्या जेझुइट पाद्र्यांनी, त्यांत पोर्तुगीज बरेच, ही भाषा रोमन अक्षरांत उतरवली. अलेक्सांद्र द रोद यांनी केलेला व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश १६५१ साली रोममध्ये छापला गेला. हे वाचलं तेव्हा मला आमच्या फादर स्टीफन्सची आठवण झाली. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापलं तेही रोमन लिपीतच, आणि भाषा मात्र मराठी. आपल्याकडे ती वाट तिथेच राहिली, त्यांच्याकडे पुढे तिचा हमरस्ता झाला. सुरांसाठी अक्षरांच्या वर-खाली टिंबं, तिरप्या रेघा, प्रश्नचिन्हाचे आकडे. पाटी वाचायला जावं तर अक्षर ओळखीचं आणि आवाज परका.

जुन्या पेठेतल्या पाट्या मात्र मला लवकर आपल्याशा झाल्या. रस्त्यांची नावं 'हांग'ने सुरू होतात. हांग म्हणजे माल. हांग बाक चांदीची गल्ली, हांग थिएक पत्र्याची, हांग दुओंग साखरेची. तांबाकाटा, लोहार चाळ, झवेरी बाजार यांच्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पत्र्याच्या गल्लीत अजूनही पत्रा ठोकतात. ती ठोकाठोक ऐकून हे म्हणाले, "बघ, सी. पी. टँकला उतरल्यासारखं वाटतंय."

रस्ता ओलांडण्याचं मात्र वेगळं. दुचाक्यांचा असा लोंढा मी मुंबईतही पाहिलेला नाही. आपली पद्धत म्हणजे हात दाखवायचा, निम्मा रस्ता पळायचा, दुभाजकावर श्वास घ्यायचा, पुन्हा पळायचं. तिथे असं केलं की आपण मेलोच. मालकीणबाई दारात उभ्या राहून ओरडल्या, "दुंग चाय! दुंग चाय!" हे थबकले. म्हणाले, "चहा नको म्हणतायत का?" एव्हाना मला सूर थोडा कळायला लागला होता. पळू नका, असं त्या सांगत होत्या. एका लयीत, न थांबता, न धावता चालत राहायचं. गाड्या आपल्या बाजूने वळून जातात. पहिल्यांदा मी डोळे मिटून "पांडुरंग पांडुरंग" म्हणत गेले. चौथ्या दिवशी केळी खात गेले.

या मालकीणबाईंनी आमचं खरं शिक्षण केलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मोबाइलवर आकडा टाइप करून यांचं वय विचारलं. मला जरा खटकलं. नंतर उलगडा झाला. त्या भाषेत 'मी' आणि 'तू' म्हणायलाही नातं लागतं, आणि नातं ठरायला वय. थोरला भाऊ 'आन', थोरली बहीण 'ची', धाकटं कुणीही 'एम', आईबापांहून मोठं माणूस 'बाक'. हे बासष्ट, त्या सहासष्ट. म्हणून बासष्टाव्या वर्षी माझा नवरा 'एम' झाला, म्हणजे धाकटं भावंड, आणि त्या त्याची 'ची'. ताई, मावशी, काका, दादा अशा हाका मारत सगळ्या मुंबईला तिकिटं फाडलेल्या माणसाला यात काय अवघड? दोन दिवसांत सुराचा पत्ता नसताना नाती मात्र बरोबर जमायला लागली. हाकेला शेवटी 'अय' लावायचं, आपल्या अहो-अगंसारखं. "ची अय!" अशी यांची हाक आली की बाई आतून ओ देत.

गंमत म्हणजे नवराबायकोही एकमेकांना आन आणि एमच म्हणतात, दादा आणि धाकटी. मी यांना एकदा 'आन' म्हणून पाहिलं. "काहीतरीच," म्हणाले.

पैशांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा एका रुपयाला साधारण तीनशे डोंग मिळत होते. नोटांवर इतकी शून्यं की जन्मात पहिल्यांदा आम्ही कोट्यधीश झालो. खिशात जन्मभर सुट्टे मोजणारा माणूस बरोबर असल्याने मी निर्धास्त. आणि त्यानेच गोंधळ घातला. वीस हजारांची नोटही निळी, पाच लाखांचीही निळसर, दोन्हींवर हो चि मिन्ह. एका कावडवाल्या बाईकडून केळी घेतली, नोट दिली, पुढे निघालो. चाळीसेक पावलं गेलो असू तर मागून धापा. खांद्यावर कावड, दोन्ही पारडी डुलतायत, शंकूसारखी टोपी मागे घसरलेली. तिने माझा हात धरला, पाच लाखांची नोट तळव्यावर ठेवली, मूठ मिटून दिली. मग यांच्या हातातल्या गठ्ठ्यातून वीस हजारांची एक नोट स्वतःच ओढून घेतली, आणि यांना चांगला दम भरला. शब्द एक कळला नाही, पण दम कळला. तो आवाज मी ओळखते. "सुट्टे हातात ठेवायला काय होतं?" या वाक्याचा तो आवाज. हिशोब केला तर सोळाशे रुपये परत आले होते. त्यानंतर हे दर नोट दिव्याकडे धरून बघायचे.

मधेच एकादशी आली. उपासाचं काय करायचं, याची मला घरून निघाल्यापासून काळजी. पण हनोईत संध्याकाळी कोळशावर भाजलेली रताळी मिळतात आणि उकडलेल्या शेंगाही. पंढरपूरच्या वाटेवर बसलेल्या माणसासारखे हे फुटपाथवरच्या इवल्याशा प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून रताळं सोलत होते. मी त्याच वेळी अंड्याची कॉफी प्यायले. १९४६ साली दुधाच्या टंचाईत दुधाऐवजी बलक फेटून घालायची युक्ती निघाली, ती टिकली. चव खरवस आणि कॉफीच्या मधली. यांनी मान फिरवली.

साहित्य मंदिरात, १०७० साली स्थापन झालेल्या वान मियेउमध्ये, ८२ दगडी कासवं आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर शिळा आणि तीवर राजपरीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावं. आपल्या देवळात कासव जमिनीला चिकटून असतं, आपण त्याला नमस्कार करून पुढे जातो. इथे कासवाच्या पाठीवर गुणवत्ता यादी. मास्तरीण म्हणून मला ते फार आवडलं.

मग विमानाने दा नांग, तिथून होई आन. गावाचा जुना भाग १९९९ पासून जागतिक वारशात आहे, आणि गर्दीही तशीच आहे. पिवळ्या भिंती, कंदील, शिंपी, फोटो काढणारी माणसं. त्याबद्दल बाकीच्यांनी पुष्कळ लिहिलंय. त्यांच्या चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात, आणि नदीत कागदी दिवे सोडतात. ती आमची होळीची रात्र होती. मुलाने बोरिवलीहून व्हिडिओ पाठवला, ढोलकी, बोंबा, ज्वाळा. हे तो बघून शांतपणे म्हणाले, "चाय." चढ्या सुरात. अगदी अचूक.

आणि दुसऱ्या दिवशी गंमतच. महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच लोक शाकाहार पाळतात. ज्या गल्लीत आदल्या दिवशी यांना धड खायला मिळालं नव्हतं, तिथे ठिकठिकाणी 'चाय' लिहिलेल्या पाट्या. आम्ही गेलो तर बसायला जागा नाही!

होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर 'मी सोन' नावाचं ठिकाण आहे. डोंगरांच्या कुशीत चंपा राज्याची विटांची शिवमंदिरं, राजा भद्रवर्म्याच्या भद्रेश्वराचं स्थान. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात यांतलं सर्वांत मोठं देऊळ गेलं. आता काही मंदिरांची दुरुस्ती भारतीय पुरातत्त्व खात्याने केली आहे, आणि त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातलं एक अखंड शिवलिंग निघालं. आमच्या पुढच्या एका भारतीय घोळक्यात "सगळं आपलंच हो" असं चाललं होतं. मला तसं म्हणवेना. शिलालेखासमोर उभी राहिले तर भाषा संस्कृत, पण वळण असं की मला एक अक्षर लागेना. हनोईत अक्षरं वाचता येत होती आणि भाषा परकी होती. इथे भाषा घरची आणि अक्षरांनी दार लावून घेतलेलं. कुठलं परकेपण जास्त, ते मला तिथे उभ्या उभ्या ठरवता आलं नाही. हे मात्र चपला काढून हात जोडून मोकळे झाले होते.

हनोईत परत एक रात्र राहिलो. मालकीणबाईंनी निघताना यांच्या हातात कमळाचा चहा दिला, आणि बशी तोंडाला लावून "फुर्र" करून दाखवलं.

परतीच्या विमानात जेवणाची गाडी आली. हवाई सुंदरी व्हिएतनामी, आमच्या शाळेतल्या दहावीच्या मुलीएवढी दिसणारी. हे सरसावून बसले. घसा खाकरला. मनातल्या मनात पट्टी लावली असणार, कारण बोटं मांडीवर पेटीसारखी हलत होती. "एम अय," ते म्हणाले, "आन आन चाय." म्हणजे दादा शाकाहारी खातो. सपाट, स्वच्छ, सुरात.

ती थक्क झाली. हातातला ट्रे तसाच धरून तिने यांच्याकडे वाकून, कौतुकाने, न थांबता, पुरं अर्धा मिनिट व्हिएतनामी बोलून घेतलं, आणि शेवटी काहीतरी विचारून उत्तराची वाट बघत उभी राहिली.

हे माझ्याकडे बघायला लागले. "अगं, काय म्हणतेय ही?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. "तुमची धाकटी बहीण आहे. तुम्ही बघा."