पॉवर कॉर्ड: दोन-तीन तारा वाजवायच्या, बाकीच्या गप्प ठेवायच्या

गिटारवरच्या पॉवर कॉर्डचा आकार पाच मिनिटांत बोटांना कळतो. तरीही डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटवणारा इफेक्ट) चालू केलं की नुसता गोंगाट ऐकू येतो. दोष बहुतेक वेळा दाबलेल्या तारांचा नसतो, तर मोकळ्या राहिलेल्या तारांचा असतो.

आधी आकार. सर्वांत जाड, म्हणजे सहाव्या तारेवर ५व्या फ्रेटला (नेकवरच्या आडव्या पट्टीला) तर्जनी. पाचव्या तारेवर ७व्या फ्रेटला अनामिका. झाली ए५, म्हणजे ए या सुरावरची पॉवर कॉर्ड. चौथ्या तारेच्या ७व्या फ्रेटवर करंगळी ठेवली की आवाज भरतो. म्हणजे सा, प आणि वरचा सा. गंधार नाही, म्हणून ही कॉर्ड मेजरही नाही आणि मायनरही नाही. गंधार गाळण्याला कारण आहे. डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर निघतात. सा-प यांचं प्रमाण २:३, त्यामुळे वजाबाकीतून नेमका खालच्या सप्तकातला सा मिळतो आणि कॉर्ड अधिक वजनदार वाटते. फ्रेटवरचा शुद्ध गंधार मात्र नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो. तो मिसळला आणि गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची मात्रा, जास्त असला, की सगळं गढूळ होतं.

हाच आकार सरकवत न्यायचा. सहाव्या तारेवर १ला फ्रेट एफ, ३रा जी, ५वा ए, ७वा बी, ८वा सी. पाचव्या तारेवर २रा बी, ३रा सी, ५वा डी, ७वा ई. गाण्याच्या कागदावर ए मेजर असो वा ए मायनर, वाजवायची ए५च. अपवाद डिमिनिश्ड कॉर्डचा: तिच्यातला पंचम अर्ध्या सुराने उतरलेला असतो, तिथे हा आकार बेसूर लागतो.

आता खरं काम. मोकळ्या कॉर्ड्स वाजवणाऱ्यांना बोटं कमानीसारखी उभी ठेवायची सवय असते. ती इथे मोडावी लागते. तर्जनी थोडी आडवी करा, म्हणजे तिची खालची बाजू बारीक तारांना नुसती टेकेल. दाबायचं नाही. मूळ सूर पाचव्या तारेवर असेल तेव्हा तर्जनीचं टोक किंचित पुढे सरकवून सहाव्या तारेला टेकवा. मग कॉर्ड धरून बारीक तारा एकेक छेडून बघा. फक्त ‘ठक्’ यायला हवं. ५व्या किंवा ७व्या फ्रेटला घंटेसारखा सूर आला तर घाबरू नका. तिथे एकच बोट हलकं टेकलं की हार्मोनिक वाजतो. मोकळं असलेलं मधलं बोट तर्जनीशेजारी त्याच तारांवर आडवं ठेवलं की तो बंद होतो.

कॉर्ड बदलताना बोटं उचलू नका. दाब सोडा, स्पर्श ठेवा, सरकवा, पुन्हा दाबा. झटक्यात उचललं की मोकळी तार वाजते आणि गेन तिला दुप्पट मोठी करून दाखवतो. जोरही बेताचाच हवा, कारण हलक्या तारा जास्त दाबल्या की सूर चढतो. ब्लॅक सॅबथ या बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली होती. त्यांनी घरी बनवलेल्या टोप्या आणि हलक्या तारा वापरून वादन चालू ठेवलं. ताकद हा इथला मुद्दाच नाही.

स्ट्रोकच्या हाताची करंगळीकडची कड ब्रिजवर (गिटारच्या अंगावरच्या तारांच्या आधारावर), तारा जिथून सुटतात अगदी तिथे टेकवा. याला पाम म्यूट म्हणतात. कड सेंटिमीटरभर जरी नेककडे सरकली तरी सूर मरतो, नुसता धप्प आवाज उरतो.

सरावाला ही फेरी घ्या: ए५ (सहावी तार, ५वा फ्रेट), सी५ (सहावी, ८वा), डी५ (पाचवी, ५वा), जी५ (सहावी, ३रा). प्रत्येकी एक बार (चार बीट), बीटला दोन स्ट्रोक, सगळे डाउनस्ट्रोक, मेट्रोनोम ७०वर. बारचा पहिला स्ट्रोक मोकळा, उरलेले सात पाम म्यूटने. सी५वरून डी५वर जाताना सहावी तार हमखास घुमते. तिथेच थांबून फक्त तेवढा बदल वीस वेळा करा. हात मनगटातून हलावा. कोपरापर्यंत ताठरला तर वेग १०ने कमी करा, सैल राहिला तर ५ने वाढवा.

हा सराव फक्त क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शन नसलेल्या आवाजावर करू नका. क्लीनमध्ये मोकळ्या तारांची कुरकुर लपते. गेन मात्र जेवढा हवासा वाटतो त्याच्या निम्मा ठेवा.