साके नोंदवही: या खेपेला गरम करून

टोकियोत थंडी पडली, म्हणून साके (तांदळाची जपानी दारू) गरम करायला थर्मामीटर बाहेर काढला. बाटल्या तीन: कोबेजवळच्या नाडाची किकुमासामुने (किमोतो पद्धतीची), इशिकावाची तेंगुमाई (यामाहाई पद्धतीची जुनमाई, म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली) आणि यामागुचीची दास्साई ४५. प्रत्येक आधी फ्रिजमधली, मग ४० अंशांवर, मग ५० वर.

गरम करायला तोक्कुरी (साकेची सुरई) गळ्यापर्यंत भरून, गॅस बंद केलेल्या उकळत्या पाण्यात उभी ठेवतो. मायक्रोवेव्हमध्ये वरची साके चटका देते आणि तळाची कोमट राहते.

दास्साई लवकर आटपली. नावातला ४५ म्हणजे तांदळाचा उरलेला भाग. ५५ टक्के दाणा घासून टाकलेला. थंड असताना खरबुजाचा वास सुरेख येतो. ४० ला तो विरला, ५० ला नाकात नुसतं अल्कोहोल. बाटली परत फ्रिजमध्ये.

तेंगुमाईवर मात्र संध्याकाळ गेली. ती मुळात फिकट सोनेरी दिसते. पांढऱ्या पेल्यातल्या निळ्या वर्तुळांवर रंग लगेच कळतो. यामाहाईत लॅक्टिक आम्ल बाहेरून घालत नाहीत, जिवाणूंना ते सावकाश तयार करू देतात. किमोतोतही तेच, फक्त तिथे भात आणि कोजी (बुरशी चढवलेला भात) वल्ह्यांनी घोटतात. यामाहाईने ते घोटणं वगळलं. थंड तेंगुमाई आंबटसर, जरा घुम्मी. ४० ला तोंड उघडलं: ताकाच्या जवळ जाणारा आंबटपणा, मागून तांदळाची गोडी, आणि गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळते. सोबत मीठ लावून भाजलेला साबा होता, आपल्या बांगड्याचा भाऊबंद. माशाचं तेल आणि हे आम्ल एकमेकांना छान सावरतात. ५० ला आम्ल टोचायला लागलं, म्हणून माझ्यासाठी ही चाळिशीचीच.

५० चा मान किकुमासामुनेला, आणि तिघींत स्वस्तही तीच. नाडाचं मियामिझु पाणी कठीण, खनिजं भरपूर पण लोह अगदी कमी. त्यावर यीस्ट जोमाने काम करतं, साखर फारशी उरत नाही. त्यामुळे ती कोरडी, एका घोटात स्वच्छ संपणारी. थंड प्यायली तर काहीच बोलत नाही. दाइगिंजोच्या (दास्साईसारख्या, खूप घासलेल्या तांदळाच्या साकेच्या) किमतीला भुलणाऱ्यांनी ही एकदा कढत पिऊन बघावीच.

पुढच्या खेपेला हिच्याशेजारी क्योतोतल्या फुशिमीची, मऊ पाण्याची जुनमाई लावणार. दोन्ही ४५ अंशांवर. गरम करूनही वास टिकवणारी गिंजो (घासलेल्या तांदळाची सुवासिक साके) कुणाला मिळाली असेल तर नाव सांगा.