माझी थिअरी आणि शुक्र

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये 31 वर्षं मोटरी रिवाइंड केल्या, म्हणजे जळलेल्या तारा काढून नव्या गुंडाळल्या. जळक्या व्हार्निशचा वास नाकात बसलाय तो बसलाच. या कामात कान मात्र तयार होतो. ट्रान्सफॉर्मरजवळ उभे राहा. वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं, पण गुणगुण ऐकू येते ती 100 ची. विजेच्या एका आवर्तनात चुंबकत्व दोनदा चढतं, आणि दोन्ही वेळा कोअरचं लोखंड डोळ्याला दिसणार नाही इतकं लांबी बदलतं. चुंबकातून कंपन निघतं हे मला कुणी शिकवायला नको.

त्यावरून मी एक थिअरी रचली होती. सूर्य म्हणजे भलामोठा रोटर, मोटरच्या आत फिरतो तो भाग. त्याचं चुंबकत्व ग्रहांना फिरवतं, आणि गुरुत्वाकर्षण म्हणजे त्याचीच गुणगुण. (हसू नका. सूर्य स्वतःभोवती फिरतो आणि चुंबकासारख्या शक्तीने ग्रहांना रेटत नेतो, असं केप्लर या खगोलशास्त्रज्ञानेही 1609 मध्ये मांडलं होतं.)

पुतणी बीएस्सीला आहे. चहात खारी बुडवत तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, शुक्राचं काय?"

शुक्र आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा. गुरुत्वाकर्षण आपल्या 90 टक्के. स्वतःचं चुंबकीय क्षेत्र मात्र नाहीच म्हणा. तरी 225 दिवसांत सूर्याभोवतीची फेरी बिनचूक.

मी म्हटलं, वाइंडिंग जळलं असेल.

"जळलेली मोटर फिरते का, काका?"

दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही. मग तिनेच गुरूच्या चंद्रांचं सांगितलं. गॅनिमिडची एक फेरी होईतो युरोपाच्या दोन होतात, आयोच्या चार. आयोची फेरी साडेबेचाळीस तासांची. बॅलन्स गेलेला रोटर दर फेरीला बेअरिंगला त्याच तालात ठोकतो ना, तसे बाकीच्या दोन चंद्रांचे हिसके आयोला बसत राहतात. त्याची कक्षा गोल होऊच शकत नाही. गुरू कधी जास्त ओढतो, कधी कमी, आणि आयो कणकेसारखा मळला जाऊन आतून तापतो. 1979 मध्ये व्हॉयेजर 1 यानाला तिथे जिवंत ज्वालामुखी दिसले. नुसती ओढ आणि ताल! या तापण्याला चुंबक लागला नाही, याचं जरा वाईट वाटलं.

परवा संध्याकाळी उपवनला गेलो होतो. येऊरच्या डोंगरावर शुक्र लखलखत होता. सवयीने कान दिला. मागच्या डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण तेवढी आली, 100 ची.